डावखुऱ्याची कुऱ्हाड

माझी लेक गोदावरीकाठी उत्खननावर होती, तेव्हा मी आईला घेऊन तिला भेटायला गेले. मातीतून निघालेली आदिमानवाची दगडी कुऱ्हाड लेकीने आमच्यापुढे धरली. माझ्या उजव्या मुठीत ती टोचली. आईने डाव्या हातात घेतली, तर बोटं अलगद खाचांत बसली.

"आजी, घडवणारा तुझ्यासारखाच डावखुरा असावा," लेक म्हणाली.

डावा हात पुढे केला की आईने जन्मभर बोलणीच खाल्लेली. लाखो वर्षांपलीकडून कुणीतरी तिचा हात हाती घेतल्यासारखं मला वाटलं. आई दगड कुरवाळत राहिली.

"याला कुणी रागावलं नसेल, नाही गं?"

"कोण रागावणार?" लेक म्हणाली. "त्याच्या कुऱ्हाडीवर सगळे जेवत असतील."

आई खुदकन हसली. दुपारी तंबूत पिठलं वाढायला ती आपणहून उठली, आणि सगळ्यांना डाव्या हातानं वाढलं.