लवकर बुडणारी वाटी

खांडवेकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की का? कोणी पाहिलं?" आता महिना होत आला, तरी त्या प्रश्नाची मला लाज वाटत नाही. संशय माझ्या स्वभावातच. त्याला शिस्त लावली ती त्यांनी.

एकाच कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे, मी इतिहासाची. विज्ञान हे इतिहास, चालीरीती आणि तत्त्वज्ञानातून शिकवायचा कोर्स जबलपुरात सुरू करू म्हणाले, तेव्हा मला वाटलं, ही पूर्वजांना ओवाळायची नवी सोय. पहिल्या तासाला ते घरचं घटिकापात्र घेऊन आले. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर ठेवली की भरत भरत चोवीस मिनिटांत, म्हणजे एका घटकेत, बुडायला हवी. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या कितीतरी मराठी घरांची लग्नं तिच्यावर लागलेली. शितावरून भाताची परीक्षा, मी मनात म्हटलं... पण वाटी बुडाली तेव्हा मोबाइलवर चोवीस मिनिटं व्हायला बराच अवकाश होता. पोरं हसली. खांडवेकर मात्र खूश. दर लग्नाआधी वाटी चिंचेनं लख्ख घासायची, भोकात तार फिरवायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. भक्तीपायी भोक मोठं होत गेलेलं. "म्हणजे तुमचंही लग्न मुहूर्ताआधीच लागलं," मी म्हटलं. "लागलं ना, दीदी. पण इतक्या वर्षांत कोणी तपासून काहून नाही पाहिलं? आपला कोर्स तेवढाच आहे." त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा संशय गेला. बाकीच्यांवरचा आहेच.

शोकसभेत विभागप्रमुख फार गोड बोलले, तिथेच मला शंका आली. वाटी म्हणे काचेच्या कपाटात ठेवणार, खाली 'पूर्वजांचं अचूक कालमापन' अशी पाटी. कोर्स मात्र तूर्त बंद. काचेआडच्या वस्तूला कोणी प्रश्न विचारत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं. मी तडक खांडवेकरांच्या पत्नीकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. "वाटी आमच्या घरची आहे. घेऊन जा, ताई. फक्त घासू नका."

काल खांडवेकरांच्या तासाच्या वेळेला मी वर्गात गेले. निरोप दिला होता, तरी कोणी येईल याची खात्री नव्हती. लांब कुंडम-पनागरहून येणारी पोरंसुद्धा आली होती. वाटी पाण्यात ठेवली, सगळ्यांनी मोबाइल काढले. ती बुडाली, लवकरच. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मोबाइल की घड़ी सही है, यह किसने जाँचा?"

मी सवयीनं खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं... आणि मला रडू आलं.

"अजून कोणीच नाही," मी म्हटलं, आणि वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली.