नखाएवढा सेन्सर

"मत नको, माहिती द्या." काउंटरवर भिंग ठेवून ते काका एवढंच म्हणत आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत चष्म्यावरून बघत राहत. पुण्यात अशी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. वारज्यातल्या आमच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात ते दर शनिवारी येत, काहीही विकत न घेता तासभर प्रश्न विचारत आणि जाताना शोकेसची काच पुसायला सांगत. मालक त्यांना टाळायचे, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. मला ते आवडायचे, हे आज सांगायला लाज वाटते.

एका शनिवारी मात्र ते खरोखरच कॅमेरा घ्यायला आले. बायकोचा आजार बळावला होता. तरी ती रोज पहाटे फ्लॅटच्या दाराशी बसून रांगोळी काढायची, केसाएवढ्या बारीक रेघांची. डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. "त्या रेघा दिसल्या पाहिजेत," ते म्हणाले. "पॅसेजमध्ये उजेड कमी असतो."

त्यांनी बोट ठेवलं ते एका जुन्या, बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर. त्याचा सेन्सर मोठा होता. सेन्सर मोठा असला की त्यावर प्रकाश जास्त पडतो आणि अंधुक जागेतही बारकावे टिकतात. त्यांची निवड अगदी बरोबर होती.

पण आमच्याकडे वीस मेगापिक्सेलचे, नखाएवढ्या सेन्सरचे सहा नवे कॅमेरे पडून होते आणि मालक त्यावरून मला रोज टोचत होते. किंमत तेवढीच होती. मी म्हणालो, "काका, बारापेक्षा वीस जास्तच ना?" त्या दिवशी त्यांनी उलट प्रश्न विचारला नाही. त्यांना घरी जायची घाई होती.

तीन महिन्यांनी ते फोटोंचं पाकीट घेऊन आले. बायको गेली होती. एकेक फोटो त्यांनी माझ्यासमोर ठेवला आणि भिंग माझ्या हातात दिलं. छोट्या सेन्सरला उजेड कमी पडला की फोटोत रवाळपणा येतो, आणि तो घालवताना कॅमेरा बारीक रेघाही पुसून टाकतो. प्रत्येक रांगोळीवरून कुणी ओलं बोट फिरवल्यासारखं दिसत होतं.

हे कशामुळे झालं, असं त्यांनी विचारलं. मला ठाऊक होतं. मालक शेजारीच उभे होते.

"हात हलला असेल, काका."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी उजवा हात समोर धरून बराच वेळ पाहिला. "असेल," ते म्हणाले. "कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसायचं हो. तिलाही रोज दाखवायचो."

त्यानंतर ते एकदाच आले. वाघोलीला मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. त्यांनी कॅमेरा खोक्यासकट काउंटरवर ठेवला. आता पैसे परत मागतील, म्हणून मी मालकांकडे पाहिलं.

"परत करत नाहीये," ते म्हणाले. "ज्याचा हात स्थिर असेल, अशा कुणाला तरी देऊन टाका."

मी बरं म्हणालो.