ओटीवरचा बल्ब आणि बटणातला लाल ठिपका

हे लिहावे की नाही, या विचारातच पुष्कळ दिवस गेले. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य सरले. फळ्यापलीकडे मी कधी काही लिहिले नाही. आता निवृत्तीनंतर, आणि तेही एका बल्बच्या निमित्ताने, आपला वेळ घेण्याचे धाडस करते आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

पाचूबंदरच्या आमच्या घरात आता आई आणि मी, दोघीच राहतो. बाबा बोटींची इंजिने दुरुस्त करीत. घरातले विजेचे कामही त्यांनी स्वतःच केले होते. आईची नजर अधू होऊ लागली, तेव्हा त्यांनी ओटीवरच्या दिव्याला नवे बटण बसवले. दिवा बंद असला की त्या बटणात बारीकसा लाल ठिपका पेटलेला राही. अंधारात आईला भिंत चाचपावी लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

संध्याकाळी जपमाळेच्या वेळी ओटीवरचा दिवा मालवायचा आणि वेदीपुढच्या मेणबत्तीच्या उजेडात प्रार्थना करायची, ही आमच्या ख्रिस्ती घरची रीत. बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी ओटीवरचा जुना पिवळा बल्ब गेला. तसा बल्ब बाजारात मिळेना, म्हणून मी वीज वाचवणारा एलईडी बल्ब आणून लावला. त्याच संध्याकाळी दिवा मालवून आम्ही गुडघे टेकले, आणि बंद केलेला तो बल्ब क्षणभर लुकलुकला. थोड्या वेळाने पुन्हा.

आईच्या बोटांत जपमाळेचा मणी तसाच थांबला.

"बाय, तुजा बाबा," ती म्हणाली. "अजून शुद्धिस्थानातच हाय. प्रार्थना मागतो."

स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्धिस्थानात अडकून राहतो आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी तिथून सुटतो, अशी आमच्यात श्रद्धा आहे. त्या दिवसापासून बल्ब लुकलुकला की आई 'नमो मरिया' ही प्रार्थना एकदा जास्तीची म्हणू लागली. बल्ब काही थांबत नसे, त्यामुळे तीही उठत नसे. तिचे गुडघे सुजले. बोंबलाचे कालवण निवून जाई.

"आई, आता जेवून घे ना."

"तो तिकडं ताटकळतोय नि मी हिकडं जेवू? तूच जेव, मास्तरनी."

दिवा चालू ठेवूनच प्रार्थना करू, असे मी सुचवून पाहिले. "त्याचं तोंड बंद करतेस?" एवढेच ती म्हणाली.

मग मी मला जमत होते ते केले. दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावला; तोही लुकलुकला, फक्त जरा घाईने. होल्डर बदलला, फरक पडला नाही. शेवटी तोच बल्ब स्वयंपाकघरात लावून पाहिला, तर तिथे तो बंद केल्यावर गुमान बंद राहिला. स्वयंपाकघरातले बटण साधे होते. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. लाल ठिपका पेटता ठेवणारी अगदी किंचितशी वीज पुढे बल्बपर्यंत जात होती. गळक्या नळाखालच्या पेल्यात थेंबाथेंबाने पाणी साठावे, तशी ती बल्बमध्ये साठे. पुरेशी साठली की बल्ब एकदा लुकलुके आणि पुन्हा रिकामा होई. जुन्या पिवळ्या बल्बला एवढ्याशा विजेने काहीच होत नसे.

हे सारे मी आईला सावकाश समजावून सांगितले. तिने मान हलवत ऐकून घेतले.

"लाल बत्ती कोनी लावली होती?"

"बाबांनी."

"कोनासाठी?"

"तुझ्यासाठी."

"म्हंजे माज्यापायी अडकलाय तो," आई म्हणाली. "काढ ती. मला नको उजेड. त्याला सुटू दे."

मी मेन स्विच बंद केला, बाबांच्याच स्क्रू ड्रायव्हरने ते बटण काढले आणि साधे बटण बसवले. त्या संध्याकाळी बल्ब लुकलुकला नाही. जपमाळ संपल्यावर आई बराच वेळ वर पाहत राहिली. "सुटला," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी गरम जेवली. पुढे गुडघ्यांची सूजही उतरली. मला वाटले, निभावले.

पण आता प्रार्थना झाली की आई दिवा लावायला उठते आणि तिचा हात भिंतीवरून फिरत राहतो. मी पुढे झाले की म्हणते, "थांब, गावेल मला." हाताला बटण लागेपर्यंत मी मागे उभी असते. परवा बटण सापडल्यावरही तिने ते दाबले नाही. अंधारातच, माझ्याशी नव्हे, ती हळूच म्हणाली, "एकदा तरी लुकलुकायचं होतंस रे."

बाबांनी बसवलेले ते बटण माझ्या कपाटात आहे. ते पुन्हा बसवले तर तिच्या हाताला भिंत चाचपावी लागणार नाही, आणि बाबा तिच्याशी बोलू लागतील. पण त्यांची सुटका झाल्याचे समाधान जाईल, आणि ती पुन्हा गुडघ्यांवर बसून राहील. विजेचे काय होईल, ते मी सांगू शकते. त्यापुढचे मला कळत नाही, म्हणूनच हे लिहिले.

आपण माझ्या जागी असता, तर ते बटण पुन्हा बसवले असते का?