नाक्यावर आमची जीप आमच्याआधीच पोचली

पेणहून रोह्याला गणपती न्यायचा असेल, तर सकाळी सातला निघा, वडखळला चहा घ्या आणि तोंड बंद ठेवा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यातल्या पहिल्या दोनच गोष्टी मला जमल्या.

ताईच्या रोह्यातल्या नव्या घरी पहिलाच गणपती होता. गुरुजी दहाला पुढच्या घरी जाणार होते. पेणच्या कारखान्यातून मूर्ती घेतली, जीपमध्ये आईने मांडीवर धरली, बाप्पाच्या तोंडावर रुमाल. एकदा उचललेला बाप्पा मागे फिरवायचा नाही, हा तिचा नियम. वाटेतल्या नव्या टोलनाक्यासाठी भावोजींनी कार्ड दिलं होतं. यंत्राला दाखवलं की दांडा आपोआप वर. मला भलताच ताठा चढला होता.

वडखळला बटाटवडा झकास, चहा पाणचट. मी मिरवत असलेलं कार्ड बघून शेजारच्या टेम्पोवाल्याने विचारलं, “दादा, कार्डाला नंबर हाय का?”

मी सहाही आकडे खणखणीत वाचून दाखवले. तो लगबगीने उठला.

नागोठण्यापर्यंत रस्ता म्हणजे खड्डेच, मूर्ती सांभाळा. नाक्यावर पावसाने कार्डाचं यंत्र आदल्या दिवसापासूनच बंद पडलं होतं. तिथला माणूस नंबर विचारून संगणकात टाकत होता. मी सांगितला.

“ही जीप मघाशीच आत गेली.”

“अहो, जीप तुमच्यासमोर उभी आहे!”

“मला दिसते ओ. पण संगणकात आत हाय.”

“मग रोख घ्या.”

“रोखीची रांग मागं. गाडी वळवा.”

“बाप्पा मागं फिरायचा नाय,” आई म्हणाली.

साडेनऊ झाले होते. ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला माझ्याच जिभेचा मनापासून राग आला.

आई उतरली आणि मूर्ती उराशी धरून दांड्याच्या कडेने चालत पलीकडे गेली. पायी माणसाला कार्ड लागत नाही. पलीकडे टपरीपाशी तोच टेम्पोवाला विडी ओढत होता.

“माझ्या लेकाच्या नंबरावर आलास ना? मग चल रोह्याला!”

त्याने विडी टाकली. “बसा, मावशी.”

रोखीच्या रांगेतून मी पोचलो तेव्हा आरती संपली होती. मोदक होते.

“कार्ड चाललं का?” भावोजींनी विचारलं.

“चाललं, माझ्याशिवाय.”

तो नाका कधीच उठला. पेणच्या घरी कुठल्याच कार्डाचा नंबर मी आता बायकोसमोरही वाचत नाही. आईला मात्र ते सहा आकडे पाठ आहेत. शेजारीण गणपती घेऊन रोह्याला निघाली, की अंगारा दिल्यासारखे तिला सांगते, “लिहून घे गो. अडणार नाय.”