यादीत नसलेला दाखला

अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका ग्रामपंचायतीत मी संगणकावर दाखले काढायचं काम करते. माझं माहेर प्रकाशा गावाकडचं. घरात अहिराणी, ऑफिसात मराठी आणि समोर येणारी माणसं पावरी बोलणारी. मध्ये आमचे शिपाईकाका. ते पावरा आदिवासी, पण अहिराणी माझ्यापेक्षा झोकात बोलतात.

पूर्वी ग्रामसेवक हाताने दाखले लिहायचे. एकच दाखला एका गावात ‘राहण्याचा’, दुसऱ्यात ‘वास्तव्याचा’. मग सगळ्या जिल्ह्याला एकच यादी आली. नंदुरबारला प्रशिक्षण झालं. ‘एका सेवेला एकच नाव. गावात काहीही म्हणोत, तुम्ही यादीतलंच निवडायचं,’ असं साहेबांनी सांगितलं. मला ते पटलं होतं. लोकांचे हेलपाटे वाचले, हे खरंच आहे.

मे महिन्यात एक बाई आली. तिशीची असेल. मुलीला आश्रमशाळेत घालायचं होतं आणि अर्जावर बापाची सही हवी होती. नवरा दोन वर्षांपूर्वी ऊसतोडीला गुजरातेत गेला, तो आलाच नाही. ‘तो गावात नाही’ एवढंच तिला कागदावर लिहून हवं होतं.

मी यादी उघडली. जन्म, मृत्यू, विवाह, हयात, निराधार. गेलेल्या आणि न परतलेल्या माणसासाठी काही नव्हतं.

“वारला का?” मी विचारलं. नाव-गाव विचारावं तसंच विचारलं.

काकांनी तिला विचारलं आणि माझ्याकडे वळून अहिराणीत सांगितलं. “ताई, ती म्हनस, मरेल नही शे. कुठे शे ते माहीत नही.”

“मग निराधारचा काढू. शाळेत तो चालतो.”

काका तिला समजावत होते. ती एकदम मोठ्याने बोलायला लागली. बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होती.

“ती म्हनस, वावर शे, बकऱ्या शेतस, दीर-जाऊ शेतस. मी निराधार कशी?”

मी ग्रामसेवकांना विचारलं, तर त्यांनी साध्या कागदावर दोन ओळी लिहून शिक्का मारून दिला. ती खूश होऊन गेली. आठवड्याने तोच कागद घेऊन परत आली. शाळेतल्या क्लार्कने मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलं होतं, ‘यादीतील दाखला जोडावा’.

या वेळी ती बाकावर बसून राहिली. बाहेर रांग होती. मी ‘निराधार’वर क्लिक केलं, तिचं नाव टाकलं. अंगठा यंत्रावर लागेना. कामाने रेषा झिजल्या होत्या. काकांनी ओल्या फडक्याने तिचा अंगठा पुसला. चौथ्या वेळी लागला.

प्रिंट निघाली तेव्हा ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं : सदर महिला या गावची रहिवासी असून तिला कोणाचाही आधार नाही. काकांनी तिला सांगितलं ते माझ्या वाक्याच्या निम्मंही नव्हतं. मला पावरी थोडी कळते. ‘ही बाई या गावची आहे,’ एवढंच ते म्हणाले. तिने मान हलवली. मी काकांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. मी कागद तिच्या हातात दिला.

तिने कागदाची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि गेली. पडद्यावर ‘सेवा मुदतीत दिली’ असं हिरव्या अक्षरांत आलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तेव्हा मनात आलं होतं. पण वाटलं काहीच नाही. भूक मात्र लागली होती, म्हणून डबा उघडून जेवले.

जूनमध्ये काका म्हणाले, तिच्या मुलीला प्रवेश मिळाला. मी “बरं झालं” म्हटलं आणि दारातल्या म्हाताऱ्याला आत बोलावलं. त्याला काय हवंय ते काका विचारत होते, तोवर मी यादी उघडून ठेवली.