रुमालाखालचा हात

न्यूमोनियाने मला दवाखान्यात झोपवलं, पण लाज काढली ती पोटाने. ताप उतरला, घरी आलो आणि छातीसाठी दिलेल्या जालीम गोळ्यांनी जुलाब लागले. तसं झालं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी गेलो नाही. बकरी ईद तोंडावर होती आणि कासारसाईच्या धनगराची बोकडं मला हवी होती. बायको म्हणाली, उंबऱ्याबाहेर पडू नका. मी तिच्यावरच खेकसलो आणि भाताची पेज पिऊन भुकूमहून निघालो.

आदल्या ईदेला याच धनगराने मला शब्द देऊन बोकडं दुसऱ्याला विकली होती. या खेपेला त्याला पिळायचाच, असं मनाशी धरलं होतं.

आमच्या बोकडांच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या व्यापाऱ्यांना पत्ता लागत नाही. आधी हात काढेल त्याचा सौदा गेला. कासारसाईला पोचलो, रुमालाखाली धनगराने बोटं दाबली, मी आकडा खाली आणला. तो अडून बसला. तेवढ्यात पोटात कळ आली. हात सोडून पळालो असतो तर निभावलं असतं, पण बाकीचे व्यापारी मागे टपूनच होते. मी हात सोडला नाही. पायजमा भरला.

वास आला म्हणून की माझी बोटं गार पडली म्हणून, कोण जाणे, पण त्याला कळलं. तो ओरडला, "बोकड सुटलं, धरा त्याला." सगळे बोकडं कोंडलेल्या जाळीकडे धावले. सुटलं काहीच नव्हतं. त्याने रुमाल माझ्या कमरेला गुंडाळला.

"शेठ, झाडामागं हंडा हाय. धुऊन घ्या. कुणाला कळायचं न्हाई."

धुऊन आलो तर म्हणाला, "तुमी म्हनला त्यात दिली. आता आदी दवाखान्यात जावा."

भाव वाढवून द्यायला हवा होता. मी त्याच आकड्याचे पैसे मोजले आणि बोकडं घेतली.

डॉक्टरांनी औषध बदललं, जुलाब थांबले. त्याचा रुमाल बायकोने धुऊन घडी घालून ठेवलाय. आता पुन्हा ईद आली. बोकडं तयार आहेत, असा त्याचा निरोप आहे. त्या रुमालाखाली हात कसा घालू? आणि नाही गेलो, त्याने ती दुसऱ्याला विकली, तर या खेपेला भांडायलाही मला तोंड नाही.