बोर्डावर नसलेली गाडी

आधी कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकात चहा गेला होता. शेवटी शेवटी तोच गृहस्थ गप्प झाला, ते मला जास्त लागलं. तेव्हा हसायचं तेवढं सुरुवातीला हसून घ्या!

मी राहात्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. माझा विषय लॉजिक प्रोग्रॅमिंग. नाव ऐकून घाबरू नका. यात कॉम्प्युटरला 'असं कर, तसं कर' सांगायचं नसतं. आपल्याला ठाऊक असलेली माहिती द्यायची, नियम द्यायचे आणि प्रश्न विचारायचा. तो 'होय' म्हणतो, नाहीतर 'नाही'. खोच एवढीच, की जे त्याला सिद्ध करता येत नाही त्यालाही तो बिनदिक्कत 'नाही' म्हणतो. 'मला ठाऊक नाही' हे त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही.

हे मला शिकवलं साळवे सरांनी. काष्टीचे. आमच्या कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटर कमी आणि त्यांच्यावर झाकलेली फडकी जास्त, अशी परिस्थिती. सर सगळं खडूनं शिकवायचे. म्हणायचे, "एसटी स्टँडवर वेळापत्रकाचा बोर्ड असतो ना? त्या बोर्डावर नाही ती गाडीच नाही, असं धरून चालायचं. झाला तुमचा नियम!" मग खडू ठेवून हळूच म्हणायचे, "पण बोर्ड जुना असतो रे. म्हणून शेजारी चौकशीची खिडकी असते. तिथं एकदा विचारायचं."

बोर्डाचं मी लिहून घेतलं होतं. खिडकीच्या वेळी बहुधा तास संपायला आला असावा.

आज मी जो काही आहे तो सरांमुळे. माझी फी राहिली की सर ऑफिसात जाऊन भांडायचे आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, मला जेवायला घालायच्या. अशा माणसाला मी गेली कित्येक वर्षं भेटलो नव्हतो. का? तर वेळ नव्हता! सोशल मीडियावर अनोळखी माणसांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला वेळ होता. असो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात लॉजिक प्रोग्रॅमिंगच्या संशोधनावर परिषद भरवायचं ठरलं. संयोजक मी. उद्घाटनाला सरांना बोलवावं म्हणून मेसेज टाकला. एकच टिक. दुसरी उमटेचना. फोन लावला, बंद. त्यांचा फोटोही दिसेनासा झाला. सर दरवर्षी संविधान दिनाला आम्हा सगळ्यांना उद्देशिका पाठवायचे. कधी चुकायचे नाहीत. यंदा तीही आली नव्हती.

मी खुर्चीत मागं रेललो आणि माझ्या आतला शास्त्रज्ञ जागा झाला. सर जिवंत आहेत, हे सिद्ध होतंय का? नाही होत. म्हणजे?

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! खोटं नाही सांगत. तसाच प्राचार्यांकडे गेलो.

"सर, आमचे साळवे सर... गेलेले दिसतात."

"अरेरे!" प्राचार्य म्हणाले. "मग एक सत्र त्यांच्या नावानं करू. स्मृतिसत्र. भारदस्त वाटतं."

दोन दिवसांनी प्रा. कदमांचा फोन. कदम म्हणजे दुसऱ्या कॉलेजातले, सरांचेच विद्यार्थी. "साळवे सर गेले ना हो? फार वाईट झालं."

"म्हणजे तुम्हालाही कळलं?"

"कळलं म्हणजे! अगदी खात्रीची बातमी आहे."

मी लगेच प्राचार्यांना सांगून आलो, "सर, खात्री झाली." आता कदमांना ही बातमी कुणी सांगितली असेल? प्राचार्यांनी! आणि प्राचार्यांना कुणी? मी! आमच्या विषयात असा प्रोग्रॅम गोल गोल फिरत राहतो आणि मशीन लटकतं. इथं मशीन लटकलं नाही, फ्लेक्स लटकला.

फ्लेक्सवाल्याकडे तर मी कमालच केली. तो म्हणाला, "सर, नावाआधी कै. लावतो. आमच्याकडं तयारच हाय."

"मुळीच नाही!" मी ताठ झालो. "सर बौद्ध समाजातले. त्यांच्यात कैलासवासी म्हणत नाहीत. कालकथित म्हणतात. कालकथित लिहायचं."

"बरं. आन् गेल्याची तारीख?"

"तारीख नको. त्यानं जागा भरते."

बघा म्हणजे! शब्द कुठला लावावा यावर मी त्या माणसाला चांगलं व्याख्यान दिलं. माणूस गेलाय की नाही, हे तेवढं बघायचं राहिलं.

परिषदेचा दिवस उजाडला. हॉल भरला, कारण प्रमाणपत्र आणि जेवण दोन्ही होतं. स्टेजवर सरांचा जुना फोटो, त्याला हार. फोटोत सरांना भरपूर केस होते. आम्ही सगळे उभे राहून दोन मिनिटं स्तब्ध झालो.

शेवटच्या रांगेत काळा चष्मा लावलेला एक टकला म्हातारा माणूसही सगळ्यांबरोबर उभा राहिला. हात जोडून, मान खाली घालून. त्याच्या शेजारी संगमनेरहून आलेल्या एक मॅडम होत्या. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. स्तब्धता संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं हो?"

"साळवे सर."

"कुठले?"

"काष्टीचे. फार मोठा माणूस."

"कशानं गेले?"

"ते नाही माहीत. पण शेवटी खूप हाल झाले म्हणे."

"व्हय, हाल झाले खरं," असं म्हणून तो माणूस खाली बसला.

स्टेजवर कदम बोलायला उठले. "शेवटच्या दिवसांत मी सरांना भेटलो. माझा हात हातात घेऊन म्हणाले, कदम, हा विषय आता तुझ्या हवाली!" लोकांनी रुमाल काढले. मग मी उठलो. मी तर कदमांच्या वरताण! सरांचा बोर्ड सांगितला, एसटी सांगितली आणि शेवटी म्हणालो, "सरांचं अंत्यदर्शन मला घेता आलं नाही, ही सल मरेपर्यंत राहील."

टाळ्या पडल्या. श्रद्धांजलीच्या भाषणाला टाळ्या! अध्यक्षांनी सवयीनं विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

शेवटच्या रांगेतून हात वर आला. माईक मागं गेला.

"अध्यक्ष महाशय," तो माणूस म्हणाला, "वक्त्यांनी जो निष्कर्ष काढला, त्याला एक प्रतिउदाहरण आहे."

"कोणतं?"

त्यानं काळा चष्मा काढला. "मी."

तो आवाज! खडू घासल्यासारखा तो खरखरीत आवाज मी झोपेतही ओळखला असता. कदम बाजूच्या दारानं कधी पसार झाले, ते आजतागायत कळलेलं नाही. प्राचार्य मात्र मुरलेले. त्यांनी क्षणात फोटोवरचा हार उतरवला, खाली जाऊन सरांच्या गळ्यात घातला आणि माईकवर सांगितलं, "आजचे आश्चर्यपाहुणे!" पुन्हा टाळ्या.

दुपारी मी सरांना कॅन्टीनमध्ये एका कोपऱ्यात बसवलं. त्यांच्या पाया पडताना वर बघवेना. वर्गात सर शुद्ध बोलायचे, पण मनातलं बोलायला लागले की काष्टीची भाषा यायची.

"फोन विहिरीत पडला रं. मोटर चालू करायला गेलो, आन् खिशातनं सटकला. नवा घ्यायचा कंटाळा केला. मग डोळ्याचं आपरेशन झालं."

"पण इथं कसे आलात?"

"बाजारात भजी घेतली. त्या कागदावर तुझ्या परिषदेची बातमी हुती. संयोजक म्हनून तुझं नाव. लई बरं वाटलं. म्हनलं, न सांगता जावं, पोराला आनंद व्हईल." सर जरा हसले. "बातमीचा खालचा अर्धा तुकडा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या भज्याला गेला आसनार. स्मृतिसत्राचं त्यात आसंल."

विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "काकू कशा आहेत?"

सरांनी कप खाली ठेवला.

"ती गेली. दोन वर्सं झाली."

आता तुम्हीच सांगा, जमीन दुभंगून माणसाला पोटात घेते ती नेमकी कधी? जिवंत माणसाला मी मेलेला धरला, आणि गेलेल्या बाईची खुशाली विचारली. ज्या बाईच्या हातचं खाऊन मी परीक्षा दिल्या!

"मला कुणी कळवलं नाही, सर."

"बोर्डावर नव्हतं," सर म्हणाले. रागानं नाही, नुसतंच. मग गळ्यातला हार चाचपत म्हणाले, "आज तुमी लई चांगलं बोलला. कदम खोटं बोलला, पन त्यो बी चांगलं बोलला. माझ्याइषयी आसं कुनी बोलल्यालं मी कवा ऐकलं न्हवतं. मरावंच लागतं वाटतं त्यासाठी."

मी तिथल्या तिथं शपथ घेतली, "येत्या रविवारी काष्टीला येतो." राहात्यातून सरांना नवा फोन घेऊन दिला. निघताना सरांनी फ्लेक्स मागून घेतला. गोठ्यावर टाकायला बरा पडेल म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सरांचा मेसेज. एकच शब्द. "आहे."

मी रोज हात जोडल्याचं चित्र पाठवायचो. येता रविवार पेपर तपासण्यात गेला. त्यापुढचा एका लग्नात. मग उन्हाळा कडक म्हणून, मग पाऊस लागला म्हणून. सर आहेत, हे रोज सकाळी सिद्ध होत होतं ना! मग घाई कसली?

आणि एक दिवस मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन लावला, बंद.

या वेळी मी तर्क केला नाही. सुट्टी टाकली आणि निघालो. नगरच्या स्टँडवर बोर्डाकडे पाहिलंही नाही, थेट खिडकीत जाऊन काष्टीची गाडी विचारली. शहाणा झालो होतो! वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. सारखं वाटत होतं, रविवारी गेलो असतो तर? कुठल्याही एका रविवारी गेलो असतो तर?

मळ्यात पोचलो. आधी गोठा दिसला, त्यावर फ्लेक्स. 'कालकथित'वर कावळा बसला होता. खाली बाजेवर सर बसलेले, समोर कांद्याचं रोप.

"सर!" मी ओरडलोच. "मेसेज का नाही टाकला?"

"मुद्दाम न्हाई टाकला. फोन बी मुद्दाम बंद." सरांनी शांतपणे बाजेवर जागा करून दिली. "हाय म्हनून रोज कळवलं, तर एकदा बी आला न्हाईस. दोन दिस गप बसलो, तर लगीच हजर. म्हंजी मी मेलो आसं वाटल्याबिगर तुला काष्टीची गाडी घावत न्हाई."

मी मान खाली घातली. खरं होतं ते. त्यात सिद्ध करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"बस. चहा ठिवतो," सर उठले आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत थांबले. "आन् त्यात काय हाय?"

"काही नाही सर. फुलं आहेत. आपलं... असंच."

सरांनी पिशवीचं तोंड उघडून पाहिलं. पांढऱ्या फुलांचा मोठा हार. नगरच्या स्टँडबाहेर घेतलेला.

सरांनी पिशवी परत बंद केली. मग अगदी वर्गात विचारायचे तसं विचारलं, "मेनबत्ती बी आनली आसशील?"

पिशवीच्या तळाशी होती.